गयाबाईंचे कासव

पोलीस ॲक्शननंतरच्या चौथ्या उन्हाळ्यात, वैशाखातल्या एका दुपारी, गयाबाईंनी आपल्या विहिरीतले कासव बाहेर काढले. गाव बोरीपासून दोन कोसांवर. मी तेथे शाळामास्तर होतो आणि त्यांच्या शेजारी राहत होतो.

गयाबाई विधवा होत्या, वय पन्नाशीपुढचे. त्यांच्या न्हाणीच्या दगडाखाली एक खरबरीत बेडूक राही, रांजणाखालच्या ओलीत आणखी तीन. पाणी ओतण्याआधी त्या “सरका बापांनो” म्हणत. गल्ली याला गयाबाईचे गोकुळ म्हणून हसे. बाई म्हणत, “मुकं हाय, भांडत न्हाई. तुमच्यापरीस बरं.”

त्यांच्या विहिरीला पायऱ्या होत्या आणि सगळी गल्ली तिचेच पाणी पिई. सकाळी बाई शेवटच्या पायरीवर बसून तांब्या दगडावर तीनदा आपटत. थोड्या वेळाने पाण्यावर दोन नाकपुड्या दिसत, मग डोके. कासव त्यांच्या बोटांतून भाकर खाई. मीही तांब्या आपटून पाहिला होता. ते दुसऱ्या कोणासाठी आले नाही.

त्या वैशाखात पटकीने गल्लीतली दोन माणसे गेली. जिंतूरहून औषधवाला विहिरीत टाकायच्या भुकटीचा डबा घेऊन आला. गल्लीने त्याला अडवले. कासवाच्या विहिरीला औषध लागत नाही, अशी सगळ्यांची समजूत होती. शिवाय कासव मेले तर पाप गल्लीच्या माथी. म्हातारे सदाशिवराव डब्यावर हात ठेवून उभे राहिले. औषध टाकल्यावर कासव जगेल का, असे बाईंनी औषधवाल्याला विचारले. खात्री देत नाही, असे तो म्हणाला. औषधावाचून माणसे जगतील का, असेही त्यांनी विचारले. त्याची खात्री तर मुळीच नाही, असे उत्तर आले.

बाई तांब्या घेऊन खाली उतरल्या. काठावर गर्दी, गलका, कासव येईना. देवाच्याच मनात नाही, असे सदाशिवराव वरून म्हणाले.

“देव यायलाय, सदाशिवराव. तुमी तोंड मिटा, म्हंजी त्याला वाट सापडंल.”

सूर्य डोक्यावर आला तेव्हा बाई कमरेइतक्या पाण्यात होत्या. नाकपुड्या दिसल्या. बाईंनी कासव पदरात घेतले आणि पायऱ्या चढून आल्या. काहींनी हात जोडले. कोणाला, ते मी विचारले नाही.

“कासव माझं हाय, पाणी समद्यांचं. टाका औषध.”

आठ दिवसांनी कासव सोडा, असे औषधवाला सांगून गेला. बाईंनी ते घरातल्या पाण्याच्या दगडी डोणीत ठेवले आणि आठ दिवसांनीही सोडले नाही. त्या रोज पातेलेभर विहिरीचे पाणी काढत आणि त्यात रांजणाखालचा एक बेडूक ठेवत. बेडूक लगेच बाहेर उडी मारी. मी कारण विचारले.

“ह्याची कातडी लय नाजूक, मास्तर. हा निवांत बसंल तवा बघू.”

पंधराव्या दिवशी बेडूक बसून राहिला. संध्याकाळी कासव विहिरीत गेले. गल्लीत त्यानंतर पटकीने कोणी दगावले नाही.

पुढे दर उन्हाळ्यात औषधापूर्वी बाई कासव काढत. सहा वर्षांनी, माघात, त्या तापाने वारल्या.

वैशाखात औषधवाला आला. सदाशिवरावांनी दुपारपर्यंत तांब्या आपटला. कासव आले नाही. गल्लीने विहिरीवर दोन मोटा लावल्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळ गाठला. कासव गाळात जिवंत सापडले. सदाशिवरावांनी ते धोतराच्या सोग्यात घेऊन गयाबाईंच्या घरातल्या दगडी डोणीत ठेवले. झऱ्यांनी विहीर पुन्हा भरल्यावर, चौथ्या दिवशी, औषध टाकण्यात आले.