जुनं ड्रॉइंग फाडायचं असतं

गुरुवारच्या सुट्टीला भोसरीच्या एमआयडीसीत मशिनं थांबतात, आणि या गल्ल्यांत चिमण्याही राहतात हे तेव्हा कळतं. अशाच एका गुरुवारी ज्योतीराम आपल्या दोन खोल्यांच्या घरात एक जुना कॉम्प्युटर उघडून जमिनीवर बसला होता.

माणूस मूळचा उदगीरकडचा. दहावीनंतर शाळा सुटली. हेल्पर म्हणून कारखान्यात शिरला आणि तेहतीस वर्षांनी टूलरूमचा उस्ताद म्हणून बाहेर पडला. फिक्श्चर, म्हणजे मशिनवर घडत असलेला भाग, ज्याला तिथं जॉब म्हणतात, तो हलू नये म्हणून त्याला धरून ठेवणारी लोखंडी पकड, ही त्याची विद्या. प्रत्येक फिक्श्चरचं ड्रॉइंग त्यानं आपल्या वहीत काढून ठेवलेलं. पहिलं बहुतेक चुकलेलं, दुसरं थोडं सुधारलेलं, तिसरं बरोबर. चुकलेल्याखाली लाल पेनानं कारण लिहिलेलं: 'इथं लोखंडाचा बुरा अडकतो.' 'सोमवारी केलं, मंगळवारी मोडलं.'

अशा अकरा वह्या. उन्हाळाभर बसून त्यानं पान न् पान स्कॅन केलं होतं. आता ती सगळी पानं या कॉम्प्युटरच्या डब्यात ठेवायची आणि तळमजल्यावरच्या धनेशच्या वर्कशॉपमध्ये उघडतील असं करायचं होतं. धनेश भोसरी गावठाणातला. बारा वर्षं ज्योतीरामच्या हाताखाली शिकला होता. आपल्याला जे कळलं ते आपल्याबरोबर जाऊ नये, एवढंच ज्योतीरामला हवं होतं.

डब्यात त्यानं दोन डिस्क बसवल्या. एकीवर जे लिहावं ते त्याच क्षणी दुसरीवर उमटावं, अशी जोडणी केली. फोल्डर शेअर केलं. पण खालच्या कॉम्प्युटरला डबा दिसेचना. नाव टाकून सापडेना, तेव्हा नेटवर्कवरचा त्याचा आकड्यांचा पत्ता टाकला. मग दिसला, पण पासवर्ड घेईना. शेवटी त्यानं वर्षालीला फोन लावला. ही त्याची मुलगी, तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरीला.

"बाबा, डब्यात शिरायचा पासवर्ड वेगळा आणि शेअरचा वेगळा. धनेशकाकांचं नाव दोन्हीकडे घाला," ती म्हणाली. "आणि त्यांना फक्त वाचायची परवानगी द्या. पुसायची नको."

"बारा वर्षं माझ्या मशिनीला हात लावला त्यानं. आता वहीला लावू नको म्हणू? पाव्हण्याला पाट मांडायचा अन् ताटावर जाळी झाकायची?"

"मला मात्र तीस वर्षांत त्या वहीला हात लावू दिला नाही ह्यांनी!" ओट्यापाशी भाकरी थापता थापता यशोदाबाई, त्याची बायको, बोलली.

ज्योतीरामनं धनेशला सगळी परवानगी दिली. थोड्या वेळानं खालून आरोळी आली, "उस्ताद, उघडलं! तुमचं समदं अक्षर हाय की हितं!"

त्या समाधानात ज्योतीरामनं अकराही वह्या पुढ्यात घेतल्या आणि एकेक पान आडवंउभं फाडून पोत्यात भरलं. टूलरूमचा नेम होता तो. नवी प्रत आली की जुनी फाडायची, नाहीतर कोणीतरी जुनी बघून शंभर जॉब वाया घालवतो. तेहतीस वर्षं हेच केलेल्या हातांनी आजही ज्योतीरामला विचारलं नाही. पोतं रद्दीत गेलं.

पुढच्या गुरुवारी धनेश हसत वर आला. "उस्ताद, डबा साफ करून टाकला बघा. एकेका जॉबची तीन-तीन ड्रॉइंगं व्हती. शेवटचं ठिवलं, बाकी उडवली."

ज्योतीरामनं एकेका जॉबचं फोल्डर उघडून पाहिलं. प्रत्येकात एकच ड्रॉइंग, बरोबर असलेलं. वर्षालीला फोन गेला.

"दुसरी डिस्क पहिली बिघडली तर उपयोगाची, बाबा. इथं पुसलं की तिथंही पुसलं जातं. वेगळी प्रत कुठं आहे?"

"नाही."

"वह्या तर आहेत ना?"

"फाडल्या," ज्योतीराम म्हणाला. धनेशचं हसू मावळलं. "पण तुमीच शिकवलं न्हवं? जुनं ड्रॉइंग टेबलावर ऱ्हायलं म्हणून माझ्या पाठीत धपाटा घातला व्हता तुमी."

राग ज्योतीरामच्या ओठांपर्यंत आला आणि तिथंच थांबला. तो काढायचा कोणावर? तो उरलेली पानं बघत राहिला. स्वच्छ रेघा, नेमकी मापं, एकही लाल अक्षर नाही. या पानांतून कधीच न चुकलेला एक माणूस त्याच्याकडे बघत होता. त्या माणसाला ज्योतीरामनं ओळखलं नाही.

"वही आण," तो म्हणाला. "कोरी."

बरोबर ड्रॉइंग समोर ठेवून तो चुकलेलं आठवू लागला आणि धनेश काढू लागला. काही धनेशलाच आठवली. "ह्यात माझा अंगठा सापडला व्हता, उस्ताद. नख गेलं व्हतं." संध्याकाळपर्यंत नऊ ड्रॉइंगं झाली. पुसली गेलेली तीनशेच्या वर होती.

उठण्याआधी ज्योतीरामनं धनेशची पुसायची परवानगी काढली, आणि मग स्वतःचीही.

"तुमची कशापायी?"

"हात बघ की माझे. तुझ्यापेक्षा जुने आहेत."

पुसायचा पासवर्ड आता एकट्या वर्षालीकडे असतो, आणि एक वेगळी डिस्क महिन्यातून एकदा तळवड्याला जाऊन येते. गुरुवारची बैठक मोडली नाही. दिवाळीपर्यंत एक्केचाळीस चुका परत आल्या. एका फिक्श्चरमधल्या पिनेच्या जागेवरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. उस्ताद म्हणे डावीकडं होती, धनेश म्हणे उजवीकडं. यशोदाबाईनं दोनदा चहा केला तरी कोणी हटेना. शेवटी दोघांनी आपापलं काढलं, आणि दोन्ही पानं डब्यात गेली.