ढब्बूकाकांचा नावांवरचा राग

ढब्बूकाका पितळेच्या पाट्या कोरतात. दारावरच्या, टेबलावरच्या, दवाखान्याच्या. चाळीस वर्षांत त्यांचं अक्षर कधी वाकडं गेलं नाही, जीभ मात्र कधी सरळ चालली नाही. आणि नव्या बाळाच्या खोलीसाठी पाटी करायला येऊन कुणी म्हणालं, "काका, नाव घाला मोनू," की मग संपलंच.

"घरातलं नको. खरं नाव सांगा."

"हेच खरं. कागदावरही हेच लावणार. जरा वेगळं आहे, गोड आहे."

"नाव म्हणजे काय लंगोट आहे का हो, लहान आहे तोवर बांधायला?"

मग काका पत्र्याच्या तुकड्यावर खडूने लिहितात, 'न्यायमूर्ती मोनू', तो पत्रा दुकानाच्या दारात टांगतात आणि आईबापांना रस्त्यापलीकडे पिटाळतात. "तिथून वाचा. आणि खटला तुमचा आहे असं समजा." आता यावर माणूस हसेल नाही तर काय करेल? एक जोडपं हसत हसत नाव बदलून गेलं. पण 'शल्यविशारद पिल्लू' वाचून एका बाळाची आजी अशी भडकली, की तिने भर रस्त्यात काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पाटी काकांनी केली, पण सहा दिवस उशिरा आणि कुरकुरत.

एवढा तिटकारा कशाचा, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ढब्बू हे काकांचं नुसतं घरातलं नाव नव्हतं, कागदोपत्रीच ते ढब्बू होते. जन्माची नोंद करायला गेलेले वडील खिडकीतल्या कारकुनाला घरात जे म्हणत तेच सांगून मोकळे झाले. तेव्हा बाळ गुबगुबीत होतं हो! पुढे काका वाळून काठी झाले, नाव राहिलं तसंच गुटगुटीत. शाळेत पोरांनी मिरची मिरची करून जीव खाल्ला. लग्नाच्या नोंदणीला साहेबाने नाव मोठ्याने वाचलं तेव्हा सगळं ऑफिस फिदीफिदी हसलं, आणि सगळ्यांत जास्त नवरी. काका ते अजून विसरलेले नाहीत.

म्हणून लेकीला मुलगा झाला तेव्हा काकांनी कंबर कसली. महिनाभर खपून वहीत बावन्न नावं लिहून ती लेकीकडे दिली, एकेक असं भारदस्त की घेताना छाती पुढे यावी. आपल्या वाट्याला आलं ते नातवाच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही, हा एकच ध्यास. नाव नोंदवायला दोन दिवस उरले आणि जावई चिठ्ठी घेऊन दुकानात आला.

"तिने हे ठरवलंय. पाटी करायला सांगितलीय," तो म्हणाला आणि उगाच छताकडे बघू लागला.

चिठ्ठीत एकच शब्द होता. ढब्बू.

काका बसल्या जागेवरून उठले ते थेट लेकीच्या घरी. हातातली छिन्नी हातातच. जावई बिचारा दुकानाला कुलूप घालून मागून धावत आला.

"बापाची थट्टा करायला पोटचं पोर सापडलं का गं तुला?"

लेक बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. "आधी ती छिन्नी खाली ठेवा, बाबा. थट्टा नाही करत मी."

"अगं, लोक हसतील त्याला!"

"हसतील. मलाही हसायचे, ढब्बूची मुलगी म्हणून. आणि लगेच विचारायचे, म्हणजे त्या पाट्यावाल्यांची का? मग म्हणायचे, ये, बस. कुठल्याच दारातून मला परत यावं लागलं नाही. नावाची लाज तुम्हाला वाटली, बाबा. मला एक दिवस वाटली नाही." तिने उशाशी ठेवलेली काकांची वही पुढे सरकवली. "यातली नावं चांगलीच आहेत. पण यातल्या एकाही माणसाला मी ओळखत नाही."

काकांनी छिन्नी खाली ठेवली आणि बाळाला उचललं. महिनाभर 'अरे' आणि 'बाळा' यांवरच भागवलं होतं. बाळ किरकिरायला लागलं, तसे ते हळूच म्हणाले, "ढब्बू... ए ढब्बू."

जन्मात पहिल्यांदा हे नाव त्यांनी दुसऱ्या कुणाला हाक म्हणून घेतलं होतं. बाळ गप्प झालं.

"अगं, केवढं गोड लागतं हे तोंडात!" काका डोळे पुसत म्हणाले. "साठ वर्षांत मला कुणी सांगितलं कसं नाही?"

बाळंतिणीची उठबस करायला आलेली त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"चाळीस वर्षं रोज त्याच नावाने हाका मारतेय," ती म्हणाली. "त्या काय नुसत्या चिडवायला वाटल्या होय तुम्हाला?"