बोटीच्या बेअरिंगबाबत आणि 'चालते' या शब्दाबाबत

अर्जदार : मी स्वतः, शिक्षण नववी, धंदा अर्जनवीस, बैठक आर्णीच्या तहसील कचेरीबाहेर निंबाखाली. साक्षीदार : एक मिस्त्री व एक नावाडी, दोघेही हयात, नावे मुद्दाम दिलेली नाहीत. दिनांक : ज्या हिवाळ्यात कापसाला कोणी विचारत नव्हते आणि घरोघरी साठलेल्या कापसामुळे माणसांना पाय पसरायला जागा उरली नव्हती, तो हिवाळा. तक्रार एका शब्दाविरुद्ध आहे.

माझी थोरली मुलगी धरणापलीकडच्या गावात दिलेली आहे. धरण भरले की त्या गावाचा रस्ता पाण्याखाली जातो आणि मच्छीमार संस्थेची बोट हाच मार्ग उरतो. बोट माणसांसाठी होती. परंतु त्या हिवाळ्यात अलीकडच्या काठाला व्यापारी आल्याची नुसती आवई उठली, तरी पलीकडचे लोक कापसाची गाठोडी बोटीत कोंबत आणि संध्याकाळी तोच कापूस परत नेत. अशाच एका फेरीत बोटीमागची मोटार तापून भर पाण्यात बंद पडली. मुलगी पहिलटकरीण होती, दिवस भरत आले होते, आणि तिला माहेरी आणण्याचा दिवस मी ठरवून बसलो होतो.

नावाड्याने मोटार आर्णीला मिस्त्रीकडे आणली. एरवी तो विहिरीवरचे पंप दुरुस्त करी. काम माझ्या समक्ष व्हावे, असा मी आग्रह धरला. माझ्या अर्जात आजवर त्रुटी निघालेली नाही, आणि ती शिस्त मी सर्वत्र पाळतो.

त्याने बेअरिंगे रॉकेलमध्ये धुऊन कापडावर मांडली. मोठी दोन तेलाचा थेंब टाकून कानाशी धरली आणि बोटाने फिरवली. ती मुकाट फिरली. मग कनेक्टिंग रॉडमधले, सुईसारखे बारीक रोलर घेतले. एकेकावरून तो नख ओढू लागला.

"नख अडकलं तं फेकाचं," तो म्हणाला.

"आणि हा डाग?" मी विचारले.

"तपकिरी असन तं जळक्या तेलाचा, पुसल्या जाते. निळा असन तं लोखंडच जळलं."

त्याने डाग घासला. तो फिका झाला, गेला नाही.

"निळा आहे काय?"

"उन्हात निळा दिसते, सावलीत नाही दिसत."

"मिस्त्री, निश्चित विधान करा."

"मुन्शीजी, हा पंचनामा नाही, मोटार हाय!"

नावाडी हसला. "काकाजी तं म्हशीलेही इचारतीन, दूध कोणत्या तारखेचं हाय."

मी तिकडे दुर्लक्ष केले. "मग नवीन टाका."

"नागपूरले इचारलं. मुंबईहून येईन म्हणते. कधी, ते खुदा जाने. आन् दोन-चार नवे घालून भागत नाही, सारा भार त्याइच्यावरच येते. टाकाचे तं सारेच टाका." त्याने रोलर तळहातावर हलवले. "चालते."

आमच्या भागात फाटक्या नोटेला चालते म्हणतात, पाहून आलेल्या स्थळाला चालते म्हणतात आणि भिंतीवरच्या घड्याळालाही. यापैकी कोणते, असे मी विचारले.

"पोरीले आणापुरतं चालते. कापूस चढवाचा नाही. मंग मले नवे आणून द्या." त्याने तळहात माझ्यापुढे धरला. "बोला, पोरगी तुमची हाय. चालते का?"

"चालते," मी म्हणालो.

मुलीला आणताना ती पुढे बसली आणि माझा कान मागे होता. मोटारीच्या आवाजाखाली डासासारखी एक बारीक धून होती.

"बाबा, काय आयकून राह्यले?"

"काही नाही."

नातू सुखरूप झाला. त्यानंतर मी संस्थेकडे नव्या बेअरिंगांसाठी रीतसर अर्ज केला. उत्तर आले : सदर बोट चालते, तसे मिस्त्री व अर्जदार यांनी स्वतः म्हटल्याचे नावाडी सांगतो, सबब मागणी निकाली.

मिस्त्री संतापला. "मी एका फेरीचं बोल्लो होतो!"

"मी तं तुम्ही बोल्ले तेच सांगतलं," नावाडी म्हणाला. त्यात खोटे काहीच नव्हते.

बारशानंतर मुलीला पाठवा, असा व्याह्यांचा निरोप आला. नवी बेअरिंगे येऊ दे, असे मी मुलीला म्हणालो.

"ते कधी येतीन, बाबा? सासरचे लोक काय म्हणतीन?"

काठावर बोटीत पुन्हा न विकलेल्या कापसाची गाठोडी होती. ती मी उतरवून घेतली, मालकांच्या शिव्या खाल्ल्या आणि मगच तिला बाळासह बसू दिले. ती धून ऐकू येईनाशी झाली, तरी मी काठावरून हललो नाही. पोचल्याचा निरोप आला. बोट अद्याप त्याच रोलरांवर फिरते, आणि तिच्यात रोज कोणाची ना कोणाची मुलगी बसलेली असते.

सबब विनंती की, 'चालते' म्हणजे किती फेऱ्या आणि कोणाच्या भरवशावर, याचा लेखी खुलासा मिळावा. तो मिळेपर्यंत मुलगी माहेरी येते म्हणाली की मी तिला येऊ नको म्हणतो, हे आपल्या माहितीस्तव नमूद करीत आहे.