हूक खाली

माझ्या वडिलांना मी खुर्चीला पाठ टेकून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. बसायचे ते खुर्चीच्या कडेवर, एक पाय दाराच्या दिशेनं ठेवून, जणू आत्ता कुणी हाक मारणार आणि यांना पळावं लागणार. दुसरा पाय सतत हलता. जेवायचेही तसेच. आई म्हणायची, "लोकांच्या पायाला भिंगरी असते, यांच्या बुडाला आहे."

गल्लीत त्यांना सगळे हूकवाले म्हणत. नवीन राहायला आलेल्या माणसाला वाटायचं, हे पडद्यांचे हूक विकत असतील. दोघांनी तर घरी येऊन भावही विचारला होता. बाबा नौदलात होते, विमानवाहू जहाजावर. त्या जहाजावर उतरणाऱ्या लढाऊ जेट विमानाच्या शेपटीखाली एक लांब पोलादी हूक असतो आणि डेकवर आडव्या जाड तारा ताणलेल्या असतात. विमान टेकलं की हूक एखाद्या तारेत अडकतो आणि विमान थांबतं. तो हूक म्हणजे बाबांचं राज्य. विमानाखाली उताणं पडायचं, हूकच्या टोकावरून बोट फिरवायचं, कुठे चरा पडलाय का, झीज झालीय का बघायचं. घरात सुरीची धार बघतानाही त्यांचं बोट तसंच फिरायचं, आणि मग सुरी नापास व्हायची.

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. माझा सगळा धंदा ब्रेकवर. शिकणाऱ्याच्या शेजारी माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक असतो आणि त्याच्याच जिवावर मी अजून शाबूत आहे. त्यामुळे बाबांचं एक म्हणणं मला कधीच पचलं नाही. ते सांगायचे, जेट डेकला टेकतं त्या क्षणी पायलट इंजिनाचा जोर कमी करत नाही, उलट पूर्ण वाढवतो.

"अहो, पण थांबायचंय ना त्याला?" मी विचारायचे.

"थांबायचंच आहे. पण हूक तारेत बसला नाही तर? जोर कमी केलेला असेल तर पुढे थेट पाणी. जोर असेल तर पुन्हा उडेल, एक फेरी मारेल आणि परत येईल. त्यात लाज कसली?"

"आणि हूक बसला तर?"

"मग जोर कितीही असू दे, तार सोडत नाही."

त्या इंजिनांच्या आवाजानं बाबांचे कान गेले. मी शाळेत जायला लागले तेव्हाच त्यांना अर्धं ऐकू येत नव्हतं, आणि पुढे पुढे त्यांचा बहिरेपणा सोयीनं कमीजास्त व्हायला लागला. चहा झालाय हे लांबून ऐकू यायचं, कचरा टाकून या म्हटलेलं शेजारी बसून नाही. आईचा आवाज मुळात बारीक. त्यातून ओरडून बोलणं तिला मान्य नव्हतं. "माझं भांडण गल्लीनं का ऐकायचं?" असा तिचा सवाल. मग तिनं बाबांकडून डेकवरच्या खुणा शिकून घेतल्या. डेकवर कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, सगळा कारभार हातांनी चालतो. आमच्या घराचाही तसाच चालायला लागला. डोक्यावर दोन्ही हात आडवेतिडवे हलवले, की डेकवर त्याचा अर्थ उतरू नकोस, परत वर जा. आमच्याकडे, लादी ओली आहे, आत पाय टाकलात तर बघा. पाहुण्यांसमोर या दोघांचं कडाक्याचं भांडण व्हायचं आणि पाहुण्यांना वाटायचं, माश्या फारच झाल्यात.

दोन खुणा मात्र आईच्या खास होत्या. डावा तळवा आडवा धरायचा. उजव्या मुठीचा अंगठा खालून वर नेऊन त्याला टेकवला, की हूक वर. अंगठा वरून खाली आणून टेकवला, की हूक खाली. बाबा जहाजावर निघाले की ती दारात उभी राहून हूक वर करायची. म्हणजे जा, मोकळे आहात. परत आले की बॅग खाली ठेवायच्या आत हूक खाली. म्हणजे आता बसा. बाबा हसायचे, बसायचे, आणि चहा संपायच्या आत कुठल्यातरी निमित्तानं पुन्हा दाराबाहेर. ही खूण कायम आईनंच करायची. बाबांनी उलटून तिला ती कधी केलेली मी पाहिली नाही.

बाबा ज्या जेटवर शिकले ती आखूड, गुबगुबीत, एका इंजिनाची. दुसऱ्या देशाच्या नौदलात चाकरी करून मग आमच्याकडे आलेली. पंख मिटून डेकखालच्या हँगरमध्ये ओळीनं उभी राहायची. ती म्हातारी झाली, एकेक करून सेवेतून उतरवली गेली. शेवटचं एक बंदराच्या फाटकासमोर खांबावर चढवलं, आणि त्याच्या तोंडात पाखरांनी घरटी केली. त्यांच्या जागी जी आली ती हवेत उभी राहणारी. छोट्याशा धावेत उडायची आणि परत आली की डेकवर थांबून सरळ खाली उतरायची. त्यांना हूक नव्हता. जहाजावरच्या तारा काढून टाकल्या आणि बाबांना किनाऱ्यावर टायरच्या खात्यात पाठवलं.

"आता विमानालाच हूक नाही," आई म्हणाली, "तर माणसाला कुठून येणार?"

ती वर्षं आमच्या नाकी नऊ आणणारी होती. बाबा रोज संध्याकाळी घरी यायचे. आईला हेच हवं होतं, आणि आता तिलाच ते सोसवेना. ते न बिघडलेल्या कड्या दुरुस्त करायचे. चालू घड्याळं उघडून बसायचे. डेकवर उड्डाणाआधी सगळे एका ओळीत, नजर खाली ठेवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात. एखादा स्क्रू, एखादा खडा जरी इंजिनात ओढला गेला तरी विमान गेलं. बाबा तेच आमच्या गल्लीत करायचे, एकटे, रोज सकाळी. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या टाचण्या ते नेमानं परत करायचे, आणि शिंपी त्या नेमानं पुन्हा सांडायचा. मला मैत्रिणींसमोर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"हूक परत येणार," बाबा म्हणायचे. "हवेत उभं राहायचं तर ओझं कमी न्यावं लागतं. कधीतरी यांना जड विमान लागेल, तेव्हा तारा लागतील." ऐकणारं कुणी नव्हतं. त्या हवेत उभ्या राहणाऱ्या विमानांनी त्यांची आख्खी नोकरी खाल्ली. बाबा निवृत्त झाले, आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी ती विमानंही झाली. त्यांची शेवटची रांग गावावरून गेली तेव्हा सगळी गल्ली गच्चीवर होती. बाबा तिकडे पाठ करून कपडे वाळत घालत होते.

आणि हूक खरंच परत आला. मोठी, दोन इंजिनांची, जड जेट आली. त्यांच्यासाठी नवं जहाज आलं, डेकवर तारा ताणल्या गेल्या. एक दिवस मला फोन आला. नव्या जहाजावर पहिल्यांदा हूकनं विमान उतरणार, आणि जुन्या हूकच्या माणसांपैकी जे कोणी हयात आणि हिंडतेफिरते आहेत त्यांना ते बघायला जहाजावर नेणार. गाडी घरी येईल. मी बाबांना ओरडून सांगितलं. त्यांनी मला तीनदा सांगायला लावलं, आणि पहिल्यांदाच त्यांना नीट ऐकू आलं होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पांढरा शर्ट काढला, इस्त्री केली, पुन्हा केली. शिंप्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, माझ्या गाडीत पहिल्यांदाच बसलेल्या एका घाबरलेल्या बाईलाही खिडकीतून वाकून सांगितलं. तिनं क्लच सोडला आणि गाडी भिंतीवर गेली.

मग आई पडली. ओट्यापाशी उभी होती, हातातली बशी सुटली, आणि पाठोपाठ ती. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, जिवाचा धोका टळलाय, पण तिला किती कळतंय हे आत्ता सांगता येत नाही. हे 'किती कळतंय' माझ्या डोक्यात घोंघावत राहिलं. ती बघायची आमच्याकडे, पण खिडकीकडेही तशीच बघायची. आई गादीवर आहे, पण आत आहे का? मला दुसरं काही सुचत नव्हतं. बोलायला शिकवणाऱ्या बाई रोज यायच्या. कप, किल्ली, कंगवा अशी चित्रं समोर धरायच्या. आई मान फिरवायची.

आणि बाबा? बाबा कॉरिडॉरमध्ये. नजर खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. इंजेक्शनची टोपणं, कापसाचे बोळे, कुणाच्या तरी गाऊनचं बटण. गोळा करून सिस्टरच्या टेबलावर ठेवायचे. सिस्टर म्हणाल्या, "काका, आमचा सफाईवाला तुमच्यावर चिडलाय, त्याची नोकरी जाईल." बाबा मान डोलवून पुढच्या फेरीला. आईच्या खाटेशी यायचे, चादरीची कड नीट करायचे, आणि पुन्हा बाहेर.

एका दुपारी माझा बांध फुटला. "बाबा, दोन मिनिटं बसा तिच्याजवळ! काय चावतं का ती तुम्हाला?"

सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं. बाबांनाही गेलं. ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "बसलो की ती बघते माझ्याकडे. आणि ओळखत नाही."

असं ते माझ्याजवळ आयुष्यात कधी काही बोलले नव्हते. मी उठेपर्यंत ते कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला पोचले होते.

जहाजाचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी मी विचारलं, "उद्याचं काय करताय?" त्यांना ऐकू आलं नाही. सकाळी ते आले ते पांढरा शर्ट घालून, बूट चकचकीत करून. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. जित्याची खोड, दुसरं काय! आई बोलू शकत असती तर तिनंच 'जा' म्हटलं असतं हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते दारातच उभे राहिले. त्यांच्यामागे नौदलाच्या गाडीचा ड्रायव्हर येऊन थांबला, हातात किल्ली खुळखुळवत.

आईनं मान वळवली. शर्ट बघितला. मग तिनं डावा हात उचलला आणि तळवा आडवा धरला.

बोलायला शिकवणाऱ्या बाई तिथेच होत्या, त्या एकदम पुढे झाल्या. "काही मागतायत! पाणी?" त्यांनी पेला हातावर ठेवला. आईनं तो ढकलून दिला, पाणी चादरीवर. तळवा पुन्हा आडवा. मग कपाचं चित्र. तेही जमिनीवर. मी म्हटलं, "आई, हात दुखतोय का?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लहानपणी ओल्या लादीवर पाय टाकला की बघायची. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती आत होती. सगळी होती.

हात खाली येत नव्हता. नजर दाराकडे. दोन्ही खुणांमध्ये डावा तळवा सारखाच असतो. फरक फक्त उजव्या अंगठ्याचा, आणि तिचा उजवा हात चादरीवर मेल्यासारखा पडला होता.

बाबा आत आले. खाटेजवळ वाकले आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "अगं, वर की खाली?"

आई नुसती बघत राहिली. तिला सांगता येत नव्हतं, की तिनं मुद्दाम सांगितलं नाही, ते मला आजही ठाऊक नाही.

"काका," ड्रायव्हर म्हणाला, "निघायला हवं. जहाज कुणासाठी थांबत नाही."

बाबांना ते ऐकू आलं. मला दिसलं, आलं. त्यांनी खिडकीकडे बघितलं, बुटांकडे बघितलं. त्यांची मूठ वळली, अंगठा बाहेर आला, आणि तो कुठल्या दिशेनं जाणार हे त्या क्षणी त्यांनाही माहीत नसावं. मग त्यांनी हात वर उचलला आणि अंगठा वरून खाली आणून तिच्या तळव्यावर टेकवला.

आईनं बोटं मिटली.

"काका?" ड्रायव्हरनं पुन्हा विचारलं. बाबांनी मागे न बघता मोकळा हात डोक्यावर नेऊन आडवातिडवा हलवला. परत जा. ड्रायव्हरला त्यातलं काही समजलं नाही, पण तो गेला.

"याचा अर्थ काय हो?" बाईंनी मला हळूच विचारलं. बाबांनी बाईंचा चेहरा बघून प्रश्न ओळखला असावा.

"उतरलो," ते म्हणाले. सगळ्या वॉर्डानं ऐकलं.

थोड्या वेळानं खिडकीच्या काचा थरथरल्या. जड जेट गावावरून समुद्राकडे जात होती. सगळे खिडकीशी धावले, सिस्टरसुद्धा. आईनंही तिकडे बघितलं आणि मग बाबांकडे. बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते, एक पाय दाराच्या दिशेनं, दुसरा सारखा हलत होता. अंगठा तिच्या मुठीत होता.