बाकाकडे बघणारे स्टॉपरकाका

मैदानात गोल झाला की झाडून सगळी माणसं उभी राहायची. स्टॉपरकाका तेवढे बसलेले असायचे. डोळ्यांना दुर्बीण लावलेली, आणि दुर्बिणीचं तोंड ना गोलकडे, ना चेंडूकडे, तर मैदानाच्या कडेला मांडलेल्या बाकाकडे. ज्या संघानं गोल खाल्ला त्याचा कोच आणि राखीव पोरं आता काय करतात, ते बघण्यात काका गढलेले असत. शेजारचा कोणीतरी आनंदाच्या भरात त्यांच्या खांद्यावर थाप मारून विचारायचा, "काय गोल मारलान, बघितलात का?" काका दुर्बीण न काढता म्हणायचे, "नाही. तू सांग." रत्नागिरीतल्या अर्ध्या लोकांना वाटायचं की म्हाताऱ्याचं डोकं जरा सरकलंय. उरलेल्या अर्ध्यांना तशी खात्रीच होती.

त्यांना दुसरं नाव होतं, पण ते फक्त लाइटबिलावर. तरुणपणी ते देशाच्या संघातून स्टॉपर म्हणून खेळले होते. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढे बचावाच्या मधोमध उभं राहून येईल ते अडवणारा. खेळ सुटला, केस गेले, नाव राहिलं. सरकारी कचेरीतली नोकरी सांभाळून संध्याकाळी ते मैदानावर पोरांना शिकवत. मुलींनी फुटबॉल खेळायचा म्हटलं की आया तोंडाला पदर लावून हसत, त्या काळात त्यांनी आम्हा मुलींचाही संघ उभा केला. आज मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे ती त्यांच्यामुळे. ते मला कायम "शुभे" म्हणत, माझ्या विद्यार्थिनींसमोरसुद्धा, आणि माझा सगळा रुबाब दोन अक्षरांत संपायचा.

बाकाकडे का बघता, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, "चेंडू बघायला अख्खं मैदान आहे. बाकाकडे कोण बघतो? कोच कसा आहे ते तिथं कळतं." त्यांच्या शिकवणीत एक नेम होता. खेळाडूला मैदानातून बाहेर काढलं की पाणी कोचनं स्वतः नेऊन द्यायचं आणि त्याच्या शेजारी थोडा वेळ बसायचं. काही बोलायचं नाही. मला त्यांनी एका सामन्यात अर्ध्यातून बाहेर काढलं तेव्हा मी रडून गोंधळ घातला होता. काका थर्मासमधलं कोकम सरबत घेऊन आले आणि शेजारी बसून राहिले. मैदानात काय चाललंय याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. सामना आम्ही हरलो. बाहेर पालक जमले होते, त्यांच्यापुढे ते एकटे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "संघ मी निवडला, हरलो मी." ते हे प्रत्येक हरलेल्या सामन्यानंतर म्हणत, आणि आम्ही बऱ्याचदा हरायचो, त्यामुळे पालकांना ते पाठ झालं होतं.

त्यांच्या हाताखाली तयार झालेला सगळ्यात मोठा खेळाडू म्हणजे दिगंबर. मांडवीचा, आमचा दिगू. वडील बोटीवर नोकरीला होते, ते तिकडेच वारले. आई, इंदूकाकू, हिनं एकटीनं त्याला वाढवला. काकांची बायको लवकर गेली होती आणि मुलगी लग्न होऊन दापोलीला. त्यामुळे बुधवारी काकांचं जेवण इंदूकाकूकडे असायचं. तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी आणि भात. ती त्यांना भाऊ म्हणायची, राखी बांधायची, आणि मिठावरून त्यांच्याशी भांडायची. दिगूला वडिलांची आठवण नव्हती. त्याच्या शाळेच्या फॉर्मपासून पहिल्या बुटांपर्यंत सगळीकडे काकाच होते. तो देशाकडून खेळला, पहिल्याच परदेश दौऱ्याहून येताना काकांसाठी ती दुर्बीण घेऊन आला. "आता तरी चेंडू बघा," म्हणाला. काका दुर्बीण गळ्यात घालून मांडवीच्या जेटीवर नुसते मिरवले. गलबतं बघितली, पलीकडची भाट्याची वाळू बघितली, आणि रविवारच्या सामन्याला पुन्हा बाकाकडे वळले.

खेळणं संपल्यावर दिगू कोच झाला, आणि चांगला झाला. मी आपुलकीनं सांगत नाही. पडेल संघ हातात घेऊन त्यानं वर आणले. गोव्याला त्याच्या संघाची फायनल होती तेव्हा काका आणि मी गाडीनं गेलो. सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टी किक आल्या. चार किक झाल्या. पाचव्या किकच्या आधी सगळं स्टेडियम श्वास धरून गोलकडे बघत होतं, मीही. पाचवा आला तो दिगूच्या बचावातला एक शांत मुलगा, पाय ओढत आला, आणि त्याचा चेंडू बारवरून गेला. संघ हरला. रात्री टीव्हीवर दिगूला विचारलं की त्याला का पाठवलात. दिगू म्हणाला, "त्यानं स्वतः मागून घेतली. मी नको म्हणत होतो."

परतीच्या गाडीत कणकवली मागे पडली. मग काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शुभे, त्यानं मागितली नव्हती." त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं होतं. तो मुलगा मान हलवत होता, मांडीत गोळा आलाय म्हणून हातानं दाखवत होता, एकदा तर चक्क खाली बसला. दिगूनं त्याला दंडाला धरून उभा केला आणि पुढे ढकलला. हे कोणाला सांगायचं नाही, असं काकांनी माझ्याकडून वदवून घेतलं. त्या मुलाला लोकांनी फोनवरून इतक्या शिव्या घातल्या की तो घराबाहेर पडेना. पुढच्या मोसमात त्याला कोणत्याच संघानं घेतलं नाही. तोही काही बोलला नाही. बोलला असता तरी त्याचं कोणी ऐकलं असतं असं मला वाटत नाही.

त्यानंतर काही वर्षांनी देशाच्या संघाचा परदेशी कोच काढला गेला आणि नवा निवडायला जुन्या खेळाडूंची एक समिती नेमली. तिच्यात काकांचं नाव आलं. अर्ज केलेल्यांत दिगूचं नाव आलं. काकांनी लगेच कळवलं की हा माझा विद्यार्थी आहे, मला यातून वगळा. समितीचे अध्यक्ष फोनवर हसले म्हणे. या खेळात कोण कोणाचा विद्यार्थी नाही? तुम्ही या, असं त्यांनी सांगितलं. झालं. इकडे मांडवीत जो उत्साह आला तो काही विचारू नका. मुलाखत अजून व्हायची होती, तरी नाक्यावर दिगूच्या अभिनंदनाचा बॅनर लागला. त्यावर खालच्या कोपऱ्यात काकांचा फोटो, आणि 'मार्गदर्शक' अशी अक्षरं. काका त्या बॅनरखालून रोज भाजी आणायला जात, मान खाली घालून.

मग ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायचं ठरलं. देवळात सगळी वाडी जमली. इंदूकाकू नवं पातळ नेसून पुढे बसली होती, काकांना तिनं हाताला धरून शेजारी बसवलं. गावकऱ्यांतल्या वडीलधाऱ्या माणसानं नारळ हातात घेतला आणि सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरांनी तुझ्यापुढे नारळ ठेवलाय, तो मान्य करून घे म्हाराजा." सगळे म्हणाले, "होय म्हाराजा." "आपल्या वाडीचा झील देशाचा कोच व्हायला निघालाय, त्याला येश दे म्हाराजा." "होय म्हाराजा." "त्याच्या वाटेत जो कोण आडवा येईल, त्याला बाजूला कर म्हाराजा." देऊळ दणाणलं. मी काकांच्या मागेच बसले होते. गाऱ्हाण्याला होय म्हणणं म्हणजे देवासमोर शब्द देणं, हे त्यांना माहीत होतं. ते सुरुवातीपासून एकदाही होय म्हणाले नव्हते. इंदूकाकूच्या लक्षात आलं नाही, ती डोळे मिटून हात जोडून होती.

देवळातून बाहेर पडल्यावर मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, माणसाच्या आयुष्याचं स्वप्न तुम्ही एका किकसाठी मोडणार? अशा चुका कोणाकडून होत नाहीत? तुमच्याकडून झाल्या नाहीत? काका ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "किकसाठी नाही ग. किक कोणाचीही चुकते. नंतर जे बोलला त्यासाठी." थोडं चालले आणि पुन्हा थांबले. "देशाचा संघ आपला. तो हरणार, पुष्कळ हरणार. दर वेळी हा एक पोर पुढे करणार?" माझा राग होताच. त्या दिवशी मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेले नाही.

दिल्लीला मुलाखती आटोपून आल्यावर त्यांनी मला घरी बोलावलं. मुलाखतीत दिगू फार सुंदर बोलला होता. संघ कसा बांधीन, कोणत्या राज्यातून पोरं आणीन, सगळं तयार. सगळ्यांचे प्रश्न संपल्यावर काकांनी एकच विचारलं, त्या फायनलची पाचवी किक कोणी मारायची ते कोणी ठरवलं? काकांनी त्याला दार उघडून दिलं होतं. त्याला आत यायला एक वाक्य पुरलं असतं. दिगूनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि शांतपणे सांगितलं की त्या मुलानं मागून घेतली होती. नंतर मतं झाली. दोन दिगूच्या बाजूनं, दोन दुसऱ्या उमेदवाराच्या. पाचवं मत काकांचं. ते त्यांनी दिगूला दिलं नाही, दुसऱ्याला दिलं. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, दिगूला माझं मत नाही, एवढंच लिहा. खरं कारण सांगितलं असतं तर दिगूला देशात कुठल्याही संघानं दारात उभं केलं नसतं. हे सांगताना काकांचा चहा बशीत सांडला तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

असल्या गोष्टी लपून राहत नाहीत. समितीतलाच कोणीतरी बोलला आणि पेपरात आलं. बॅनर रातोरात उतरला. काकांशी बोलणं लोकांनी टाकलं असं नाही, पण ते आले की नाक्यावरचं बोलणं थांबायचं. आपलाच माणूस आपल्या माणसाच्या आड आला, असं त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणत. कोणी म्हणालं, स्वतःला कोच केलं नाही म्हणून जळतो. नवा कोच आला, त्याच्या हाताखाली आपला संघ सुरुवातीलाच वाईट हरला, तेव्हा तर लोकांच्या बोलण्याला ऊतच आला. आणि बुधवार बंद झाला. इंदूकाकूनं निरोप वगैरे काही पाठवला नाही. फक्त बोलावलं नाही. काका मला म्हणाले, "मला बरोबरच वाटतं अजून. पण बुधवारी नाही वाटत."

पावसाळा सरल्यावर मुलगी त्यांना दापोलीला न्यायला आली. मी सामान बांधायला गेले होते. एसटीची वेळ होत आली आणि दारात इंदूकाकू. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "भाऊ, भांडायला नाय आले. माज्या पोरात काय कमी होतं, तेवढं सांगा आणि जा."

मला वाटलं आता सांगतील. सांगायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि कधीकधी अजून वाटतं. काका खुर्चीतून उठले, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, हरलेल्या सामन्यानंतर पालकांसमोर राहायचे तसे. "त्याच्यात काही कमी नव्हतं, इंदू. माझे डोळे गेलेत आता. मला नीट दिसलं नाही. चूक माझी." इंदूकाकू त्यांच्याकडे बघत राहिली. मग पिशवीतून कोकमांची पुडी काढून तिनं उंबऱ्यावर ठेवली आणि निघून गेली. क्षमा केली असं काही म्हणाली नाही. काकांनी ती पुडी स्वतः उचलून सामानात घातली.

काका दापोलीला गेले ते गेलेच. थंडीतच छातीचं दुखणं उफाळलं आणि दोन दिवसांत खेळ आटोपला. दिगू त्या वेळी त्याच्या संघाबरोबर ईशान्येकडे कुठेतरी होता, तो पोचला नाही. दिवसकार्य झाल्यावर काकांच्या मुलीनं माझ्या हातात दुर्बीण दिली. बाबांनी दिगूदादाला परत द्यायला सांगितली होती, म्हणाली.

दिगू मांडवीला आला तेव्हा मी ती घेऊन गेले. बाहेरच्या पडवीत तो बसला होता, एकदम वय झाल्यासारखा दिसत होता. काकांविषयी मनातली अढी त्यानं लपवली नाही. म्हणाला, "ज्यानं मला चालायला शिकवलं त्यानंच पाय खेचला. का, ते काका गेले तरी कळलं नाही मला." मी दुर्बीण त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती ओळखली. पट्टा जीर्ण झाला होता, काकांनी तो दोऱ्यानं शिवला होता. दिगू बराच वेळ ती हातात फिरवत बसला. मग डोळ्यांना लावून समोरच्या माडांकडे बघितलं, आणि तशीच लावलेली असताना त्याचा हात थांबला.

"शुभाताई, गोव्याच्या फायनलला ही त्यांच्याकडे होती?"

"होती," मी म्हटलं. "नेहमीसारखीच. बाकाकडे."

त्यानं दुर्बीण खाली ठेवली. मी निघायला उठले तर हातानं थांब म्हणाला. चुलीवरच्या आमटीचा वास येत होता. बुधवार होता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. थोड्या वेळानं तो उठून आत आईकडे गेला. सुरुवातीला त्याचा आवाज ऐकू येत नव्हता, मग येऊ लागला, तुटक तुटक. त्या मुलाचं नाव दोनदा ऐकू आलं. मग तो आवाजही थांबला. 

मग इंदूकाकूचा आवाज आला. "म्हणजे भाऊंच्या डोळ्यांना काय झालं नव्हतं."