बाळू पैलवानाच्या गोळ्यांचा प्रसाद

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! अख्ख्या बेलापुरात हिवतापाला खुराक घालून पोसणारी बाई एकच, आणि ती तुमच्यासमोर बसून चहा पितेय. हसा, हसा. पण आधी ऐका तरी!

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. शेजारच्या पारूचा बाळू म्हणजे आमच्या आळीचा पैलवान. जत्रेत कोपरगावच्या गड्याशी त्याची कुस्ती ठरलेली, आणि ऐन तयारीत पोराला हिवतापानं गाठलं. गोधड्यांवर गोधड्या घातल्या, तरी खाट आपली खडखडतेय!

सरकारचा हिवतापवाला घरी आला. बोट टोचून काचेवर रक्त घेतलं, पहिल्या गोळ्या समोर गिळायला लावल्या आणि उरलेल्या पुडीत बांधून दिल्या. पारू दिवसभर उसाच्या खुरपणीला, म्हणून पुडी माझ्याकडे.

"मावशी, ताप उतरला तरी सगळ्या संपवायच्या बरं का."

"व्हय व्हय! मला काय येवढं कळत न्हाई?"

दुसऱ्या दिवशी ताप गायब. बाळू उठून भाकरी मागतोय! आता तुम्हीच सांगा, गेलेल्या तापाला गोळ्या कशाला? शिवाय त्या उष्ण. पैलवानाचं अंग कोरडं पडलं म्हणजे? आणि चांगलं सरकारी औषध उकिरड्यावर टाकायचं? माझा हात धजेना.

मग काय, वाटला प्रसाद! एक गोळी कोपऱ्यावरच्या म्हातारीला, तिचे गुडघे दुखायचे. अर्धी आमच्या ह्यांना, खोकल्यावर. एक पारूच्या शेळीला, ती उगाच गप्प गप्प होती. उरलेल्या कुटून आळीच्या पिण्याच्या पाण्याच्या रांजणात टाकल्या, म्हणजे सगळ्यांच्याच पोटात थोड्या थोड्या. आळीचा चहा असा कडू झाला, की आलेला पाहुणा पहिल्या घोटातच गाडीची वेळ विचारायला लागला!

जत्रा तोंडावर आली आणि बाळूची खाट पुन्हा खडखडली.

या वेळी दवाखान्यातले डॉक्टर स्वतः आले. म्हणाले, "राहिलेल्या गोळ्या कुठायत?" मी कौतुकानं सगळं सांगितलं. सांगता सांगता मी शेळीपाशी आले, तेव्हा डॉक्टर मटकन खाली बसले.

"मावशी, अर्ध्या औषधानं कच्चे जंतू मरतात. चिवट तेवढे उरतात. मग त्यांची पिल्लंही चिवटच निघतात. असंच चाललं तर एक दिवस या गोळीला ते जुमानणार नाहीत."

"म्हंजी पोरं बापावर जात्यात?"

"बापावरच जातात! तुम्ही दुबळे मारलेत आणि तगडे बियाण्याला ठेवलेत."

शेतकऱ्याच्या घरची बाई मी. बियाणं म्हटल्यावर सगळं लख्ख कळलं!

डॉक्टरांनी गोळ्या पहिल्यापासून सुरू केल्या आणि बजावलं, "कुस्ती बंद." पण बाळू ऐकतोय होय? "न्हाई उतरलो तर लोक म्हनतील भ्याला. मग आईनं तोंड कुठं लपवायचं?"

आणि गेला की! आखाड्यापासून लांब, बैलगाडीवर पारू न् मी उभ्या. बाळू लंगोट लावून उतरला, माती कपाळाला लावली आणि तिथंच हुडहुडी भरली. समोरच्यानं सलामीला हात धरला, तर तोही गदागदा हलायला लागला! पंच म्हणाले, "आरं, आधी नीट हुभं तर ऱ्हावा!"

"भ्याला रं भ्याला!" लोक शिट्ट्या मारायला लागले. पारूनं पदर तोंडावर ओढला.

मला राहवेना. घेतली उडी गाडीवरून आणि थेट आखाड्याच्या मातीत, जिथं बाईमाणसानं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"गप बसा की मुडद्यांनो! भ्याला न्हाई त्यो! हिवताप हाय त्याला! त्याच्या गोळ्या मी वाटल्या आळीत! शेळीला सुदिक दिली!"

मग असा हशा पिकला, की हलगीवाल्याच्या हातातली टिपरी खाली पडली. पण "भ्याला" हा शब्द पुन्हा कुणाच्या तोंडून निघाला नाही. जत्रेला आलेले डॉक्टर धावत आले, बाळूला घोंगडीत गुंडाळलं आणि पंचांनी कुस्ती कोपरगावला देऊन टाकली.

तेवढ्यात कोपरगावचा वस्ताद नारळ घेऊन आला. मला वाटलं, बाळूची विचारपूस करतोय. तर त्यानं नारळ माझ्याच हातात ठेवला.

"मावशी, आमचा गडी न लढता जितला, ती तुमची किरपा. आता फुडच्या साली राहुरीच्या पैलवानाशी जोड हाय आमची. त्याच्या शेजारी ऱ्हायला जाता का?"