आळणी चवळी

इग्बो-ओरा गावात जुळ्यांचं कुणाला कौतुक? दर चार घरांआड एक जोडी. पण ताइवोच्या पाठोपाठ केहिंदे आली ती, आईबाप काळेभोर असूनही, दुधासारखी पांढरी, आणि अख्खं गाव बघायला लोटलं. आमच्यात मागून येते ती थोरली. तीच धाकटीला पुढे धाडते, जग चाखून ये म्हणून. त्यामुळे ताइवो तिला जन्मभर अक्काच म्हणत आली.

आजीने फर्मान काढलं: पांढऱ्या लेकराला मीठ द्यायचं नाही, कातडी फुटते. झालं! जुळ्यांच्या घरी त्यांच्या नावाने चवळी शिजवायची आमची रीत; तिचीही दोन भांडी शिजू लागली, एक खारं, एक आळणी.

"तुझी कशी लागते गं?" केहिंदे विचारायची.

"तुझ्यासारखीच," ताइवो थाप मारायची.

सातव्या वर्षी तिला राहवलं नाही. तिने गुपचूप भांडी बदलली. केहिंदेने बोटं चाटून खाल्लं, मग दोघी दिवसभर उन्हात हुंदडल्या. काय सुखाचा दिवस तो! संध्याकाळी केहिंदेचं नाक, खांदे फोडांनी भरले.

"मीठ कुणी दिलं हिला?" आई कडाडली.

 ताइवोची कबूल करायची छाती झाली नाही, म्हणून तिने स्वतःच मीठ सोडलं. एक-दोन दिवस नाही, सहा वर्षं.

मग गावात नर्सबाई आली. "मिठाचा काय संबंध? ऊन लागतं तिला," ती आईला म्हणाली. "हे पांढरेपण आई आणि बाप दोघांकडून येतं. तुमच्या पोरी दोन वेगळ्या बीजांच्या, म्हणून एकीच्याच वाट्याला आलं. तिला टोपी घाला, लांब बाह्या घाला. नजर अधू आहे, तेव्हा शाळेत फळ्याजवळ बसवा. आणि मीठ खुशाल द्या."

"हिने किती पावसाळे पाहिलेत?" आजी फणकारली. पण त्या दिवशी आईने एकच भांडं चढवलं.

ताइवोचा हात ताटाकडे जाईना. शेवटी ती रडतच म्हणाली, "अक्का, तेव्हा भांडी मी बदलली होती."

"माहीत आहे. खारं कुठलं, आळणी कुठलं, मला कळणार नाही होय? मला वाटलं, तू माझ्या सोबतीला मीठ सोडलंस." केहिंदेने घास उचलला. "थांब, आज मी आधी चाखते." चाखून तिने दुसरा घास ताइवोच्या तोंडात कोंबला.

आता ताइवोची सत्तरी उलटली. केहिंदेला जाऊन तीन वर्षं झाली. चवळी शिजली की ताइवो अजून पहिला घास बाजूला काढते, आणि अक्काचं चाखून होईपर्यंत थांबते.